घरांतील आंच : विजेची कीं गॅसची ?

एक बादली पाणी ऊन करावयास किती पैसे पडतात, असा प्रश्न घरांतील कर्त्या माणसास एकाएकीं विचारला, तर उत्तर बहुधा मिळणार नाहीं. त्याला भाजीचा भाव पाठ असतो, दुधाचा असतो, आगगाडीच्या पासाचा तर असतोच. परंतु ज्या उष्णतेवर सकाळचा चहा, दुपारची आमटी आणि मुलांची आंघोळ अवलंबून आहे, त्या उष्णतेचा भाव मात्र कोणाच्या जिभेवर नसतो. याचें कारण उघड आहे. भाजी वजनानें मिळते, दूध मापानें मिळतें; उष्णता मात्र कधीं किलोग्रॅमनें, कधीं घनमीटरनें आणि कधीं युनिटनें विकत घ्यावी लागते, आणि या तीन मापांचा परस्परांशीं मेळ घालून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. आजच्या भाषणांत तीच तसदी घ्यावयाची आहे.

पनवेल शहराला लागून सिडकोनें वसविलेल्या करंजाडे या वसाहतींतील एक घर डोळ्यांपुढें आणावें. घर कल्पनेंतील आहे. परंतु तशीं घरें तेथील कोणत्याहि इमारतींत सांपडतील. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि चार फूट रुंद व पांच फूट लांब असें न्हाणीघर. त्याला खिडकी म्हणून एक झरोका, आणि तोहि डांस येतात म्हणून कांच लावून बंद केलेला. घरांत माणसें चार : नोकरींतून निवृत्त झालेले सासरे, लोकलनें मुंबईस जाणारा मुलगा, घर आणि शिकवण्या दोन्ही संभाळणारी सून, आणि शाळेंत जाणारी नात. ऐन थंडींत या घरीं विजेचें बिल आलें आणि सासऱ्यांनीं चष्मा पुसून तें दोनदां वाचलें. पंखे तर बंद होते. मग वीज गेली कोठें? मीटर धांवतें आहे, हा पहिला तर्क. तो फार वेळ टिकला नाहीं, कारण न्हाणीघरांतील गिझरचा तांबडा दिवा त्याच वेळीं सर्वांच्या डोळ्यांसमोर लुकलुकत होता. शेजारच्या गृहस्थांनीं तत्काळ उपाय सांगितला : "सिलिंडरवर चालणारा गिझर लावा, निम्म्यानें खर्च येतो." सासऱ्यांना तो पटला. सुनेनें एवढेंच म्हटलें, "बाबा, अगोदर हिशेब मांडूं, मग भिंतीला भोंक पाडूं." आणि नातीच्या जुन्या वहीचीं उरलेलीं पानें त्या कामीं आलीं.

पूर्वींच्या पिढीस हा प्रश्न इतका बिकट नव्हता. न्हाणीघरांत तांब्याचा बंब असे. त्यांत लाकडाच्या ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या जळत, आणि कोंकणांत करवंटी कांहीं विकत आणावी लागत नसे. स्वयंपाकघरांत चूल, कोळशाची शेगडी, आणि चहापुरता घासलेटचा स्टोव्ह. मुंबईंत मात्र नळाच्या गॅसचा इतिहास बराच जुना आहे. दगडी कोळशापासून गॅस काढणारी बॉम्बे गॅस कंपनी १८६२ सालीं निघाली आणि १८६५ पासून शहराच्या रस्त्यांवर तिचे दिवे लागूं लागले. वीज आली ती मागाहून. लोणावळ्याच्या परिसरांतील तळ्यांचें पाणी घाटाखालीं सोडून खोपोलीस टाटांनीं वीज उत्पन्न करण्यास १९१५ सालीं आरंभ केला. खोपोली ही करंजाड्याच्याच जिल्ह्यांतली. परंतु ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठीं होती, न्हाणीघरांतील बादलीसाठीं नव्हे. सिलिंडरमध्यें भरलेला गॅस १९५५ सालीं बर्मा-शेल कंपनीनें मुंबईंत विकावयास आणला, आणि नैसर्गिक गॅस नळानें घरोघर पोंचविणारी महानगर गॅस कंपनी १९९५ सालीं स्थापन झाली. पुढें रायगड जिल्ह्यांतहि तिला नळ टाकण्याची परवानगी मिळाली. असो. इतिहास मनोरंजक असला तरी बिल त्यानें कमी होत नाहीं.

हिशेबास एकच माप हवें. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनें तापविण्यास जी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटांत अशा ८६० किलोकॅलरी असतात. सिलिंडरमधील गॅसच्या एका किलोग्रॅममध्यें सुमारें १०,९०० असतात. म्हणजे तो एक किलोग्रॅम गॅस विजेच्या सुमारें १२.७ युनिटांच्या तोडीचा झाला. १४.२ किलोग्रॅमच्या सबंध सिलिंडरमध्यें १८० युनिटांइतकी उष्णता भरलेली असते. नळाच्या गॅसच्या एका घनमीटरांत ती सुमारें १० युनिटांइतकी असते. एवढें ध्यानांत ठेविलें कीं पुढचा सर्व मामला त्रैराशिकाचा आहे.

आतां भाव. ८ एप्रिल २०२५ रोजीं घरगुती सिलिंडर ५० रुपयांनीं महागलें, तेव्हां मुंबईंत त्याची किंमत ८५२ रुपये ५० पैसे झाली. त्याच सुमारास महानगरच्या नळाचा गॅस घनमीटरला ४९ रुपये झाला. हे आंकडे स्थिर राहणारे नव्हेत. ज्यानें त्यानें आपल्या हातांतील पावतीवरचा आंकडा घालावा, रीत तीच राहील. या भावानें सिलिंडरच्या गॅसची एक युनिट उष्णता ४ रुपये ७३ पैशांस पडते व नळाच्या गॅसची ४ रुपये ९० पैशांस. म्हणजे दोहोंत नांव घेण्यासारखा फरक नाहीं. नळाची सोय ही कीं सिलिंडर संपल्याची हांक ऐन पाहुण्यांच्या पंगतीला येत नाहीं, आणि तळाशीं राहिलेल्या गॅसचे पैसे परत करतांना वाया जात नाहींत.

विजेचा भाव मात्र असा एका वाक्यांत सांगतां येत नाहीं, आणि सासऱ्यांची पहिली चूक येथेंच झाली. त्यांनीं बिलाच्या एकूण रकमेस एकूण युनिटांनीं भागलें आणि सरासरी काढली. सुनेनें बिलाची मागची बाजू उलटून दाखविली. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकाप्रमाणें घरगुती ग्राहकास पहिलीं १०० युनिटें, वहन आकार धरून, ५ रुपये ८८ पैसे दरानें पडत. १०१ ते ३०० पर्यंतचीं ११ रुपये ४६ पैसे दरानें. आणि ३०१ ते ५०० पर्यंतचीं १५ रुपये ७२ पैसे दरानें. त्यावर १६ टक्के वीजशुल्क निराळें. हा एक जिना आहे. खालच्या पायरीवर दिवे, पंखे, शीतकपाट आणि कपडे धुण्याचें यंत्र हीं मंडळी पूर्वींच बसलेलीं असतात. गिझर किंवा विजेची शेगडी हा मागाहून आलेला पाहुणा. त्याला वरचीच पायरी मिळते. करंजाड्याच्या या घरांत स्वयंपाक व आंघोळ सोडून महिन्यास १५० युनिटें जळतात. तेव्हां त्यापुढें जळणाऱ्या प्रत्येक युनिटास सरासरीचा भाव लावणें ही स्वतःची फसवणूक आहे. त्याचा खरा भाव शुल्कासह १३ रुपये ३० पैसे.

एवढ्यावरून निकाल देऊन मोकळें होतां येत नाहीं, कारण विकत घेतलेली सर्व उष्णता भांड्यांत उतरत नाहीं. गॅसच्या शेगडीची ज्योत भांड्याच्या कडेनें वर जाते आणि निम्मेंअधिक स्वयंपाकघर तापविते, हें उन्हाळ्यांत पोळ्या करणाऱ्या बाईस सांगावयास नको. भारतीय मानकाप्रमाणें सिलिंडरच्या गॅसवरील शेगडीची कार्यक्षमता परीक्षेंत निदान ६८ टक्के उतरावी लागते. घरीं वारा, खरकट्यानें बुजलेलीं बर्नरचीं भोंकें आणि ज्योतीपेक्षां लहान भांडें यांचा विचार करतां ६५ धरणें बरें. इंडक्शनच्या शेगडींत उष्णता भांड्याच्या बुडांतच उत्पन्न होते. तिची कार्यक्षमता ८५ टक्के धरावी. या घरीं सिलिंडर ४० दिवस पुरतें. म्हणजे महिन्यास सुमारें साडेदहा किलोग्रॅम गॅस व ६४० रुपये. तोच स्वयंपाक इंडक्शनवर करावयाचा तर १०३ युनिटें लागतील आणि सुमारें १,३७० रुपये पडतील. दुपटीहून अधिक ! शिवाय पूर्वींचीं १५०, स्वयंपाकाचीं १०३ आणि गिझरचीं ५० मिळून ३०३ होतात. म्हणजे पाय तिसऱ्या पायरीवर पडला.

वीज इतकी महाग कां, याचें उत्तर करंजाड्याहून फार दूर नाहीं. मुंबई हायच्या समुद्रांत १९७४ सालीं तेल व गॅस सांपडला. तो गॅस समुद्रतळावरील नळांनीं उरणास येतो. त्याच उरणांत १९८२ पासून गॅस जाळून वीज करणारें सरकारी केंद्र आहे. एका वाटेनें गॅस नळांतून सरळ शेगडींत जातो. दुसऱ्या वाटेनें तो केंद्रांत जळतो, त्याच्या उष्णतेचा सुमारें अर्धा भाग तेथेंच वाया जातो, उरलेल्याची वीज होते, ती तारांतून येतांना आणखी थोडी गळते, आणि अखेर त्या विजेची पुन्हां उष्णता करून चहा उकळावयाचा. महाराष्ट्राची बहुतेक वीज तर कोळशावर होते आणि तेथें दोनतृतीयांशाच्या आसपास उष्णता वाया जाते. उष्णतेची वीज व विजेची उष्णता हा द्राविडी प्राणायाम होय, आणि त्याचे पैसे ग्राहकानेंच द्यावयाचे.

परंतु हाच हिशेब जिन्याच्या खालच्या पायरीवर उलटतो, हें विसरूं नये. त्याच वसाहतींत एका खोलींत भाड्यानें राहणारा एखादा तरुण घ्या. दिवसभर कामावर, एक पंखा, एक दिवा, मिळून महिन्याचीं साठ युनिटें. त्यानें रात्रीं इंडक्शनवर खिचडी टाकली, तर त्याची वीज पहिल्याच पायरीची. भांड्यांत उतरलेलें एक युनिट उष्णता त्याला सुमारें ८ रुपयांस पडतें. गॅसवर तेंच ७ रुपये २५ पैशांस पडेल. एवढ्याशा फरकासाठीं त्यानें सिलिंडरची अनामत भरावी, तें आणण्यासाठीं रजा काढावी, हें शहाणपणाचें नाहीं. म्हणून शेजाऱ्याला जें स्वस्त पडलें तें आपल्याला पडेलच असें नाहीं. शेजाऱ्याचीं युनिटें किती, हें प्रथम विचारलें पाहिजे.

पैशांत न बसणाऱ्याहि कांहीं गोष्टी आहेत. इंडक्शनच्या शेगडीवर तांब्याचीं, पितळेचीं व ॲल्युमिनियमचीं भांडीं तापत नाहींत. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच भांडें कामाचें. सासूबाईंच्या हातचें पितळेचें पातेलें आणि बुडाला गोल अशी कढई फडताळांत ठेवून नवीं भांडीं घ्यावयाचीं, तर तोहि खर्च विजेच्याच खात्यांत मांडावा लागेल. भाकरी तव्यावर भाजली तरी ती फुगते खरी आंचेवर. वांगें भाजावयाचें तें आंचेवरच. उलट, विजेच्या शेगडीपासून ज्योत नाहीं, धूर नाहीं, दूध ऊन करून ती बंद केली कीं काम संपलें. आणि सिलिंडरचा गॅस देशांत निम्म्याहून अधिक परदेशांतून जहाजांनीं येतो, त्यामुळें दूरच्या समुद्रांत कांहीं घडलें तर त्याची झळ करंजाड्याच्या ओट्यापर्यंत येते. तेव्हां अडीअडचणीपुरती एक विजेची शेगडी घरांत असावी, असें सुनेनें ठरविलें; मात्र गिझर आणि ती शेगडी एकाच वेळीं चालूं करावयाची नाहीं. प्रत्येकीं २,००० वॉट, म्हणजे दोन्ही मिळून सतराहून अधिक अँपियर प्रवाह. जुन्या बारीक तारांना तो झेपत नाहीं.

सासऱ्यांचा एक भाचा इंग्लंडांत आहे. त्याच्या बिलांत सर्वांत मोठा भाग खोल्या उबदार ठेवण्याचा असतो, आणि तेथें हल्लीं शीतकपाट उलटें चालवावें तशा यंत्रानें बाहेरच्या थंड हवेंतील उष्णता ओढून घरांत आणतात. एका युनिट विजेवर तीन युनिट उष्णता घरांत येते. त्यामुळें तेथें विजेचा पक्ष बळकट होतो. करंजाड्यास भिंती तापविण्याचा प्रश्नच नाहीं. त्या निवविण्याचा आहे.

राहिलें आंघोळीचें पाणी, आणि वादाचें मूळ तेंच होतें. वीस लिटरची बादली पंधरा अंशांनीं तापविण्यास ३०० किलोकॅलरी, म्हणजे ०.३५ युनिट लागतें. चार बादल्या रोज. महिन्याचीं ४२ युनिटें. गिझर तापून नुसता राहतो तेव्हां जी उष्णता निसटते ती धरून ५० म्हणावीं. वरच्या पायरीच्या भावानें ६६५ रुपये. गॅसवर चालणाऱ्या गिझरची कार्यक्षमता चार पंचमांश धरली, तर तेवढेंच पाणी सिलिंडरच्या सुमारें २५० रुपयांच्या गॅसवर तापतें. शेजारी खोटें बोलत नव्हता. उलट त्यानें थोडें कमीच सांगितलें होतें. महिन्यास चारशें रुपयांची बचत. थंडीचे तीन महिने धरले तर वर्षाचे बाराशें. सासऱ्यांनीं आंकड्याखालीं दुहेरी रेघ ओढली.

सुनेनें त्या रेघेखालीं आणखी एक हिशेब मांडला. पाणी वाहतें ठेवून तापविणारा असा गिझर पुऱ्या जोरानें चालला, तर तासास सुमारें एक किलोग्रॅम गॅस जाळतो. एक किलोग्रॅम गॅस नीट जळावयास सुमारें १३ घनमीटर हवा पाहिजे. चार फूट रुंद, पांच फूट लांब आणि आठ फूट उंच अशा न्हाणीघरांत हवा असते सुमारें साडेचार घनमीटर. दार बंद, झरोका बंद. दहा मिनिटांत गिझर दोन घनमीटरांहून अधिक हवा मागतो, म्हणजे खोलींतील जवळजवळ निम्मी; आणि त्याच हवेवर आंत आंघोळ करणाऱ्या माणसाचा श्वास चाललेला असतो. त्यानंतर दुसरा माणूस आंत जातो, मग तिसरा.

हवा अपुरी पडली कीं गॅस पुरता जळत नाहीं आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. गॅसची गळती झाली तर ती कळावी म्हणून गॅसमध्यें मुद्दाम उग्र वासाचें द्रव्य मिसळलेलें असतें, आणि म्हणून लोकांचा असा समज असतो कीं धोका असेल तर वास येईलच. हा समज घातक आहे. जळून झालेल्या या वायूस वास नाहीं, रंग नाहीं, तो डोळ्यांना झोंबत नाहीं. रक्तांतील जें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. प्रथम डोकें जड होतें, थोडी मळमळ वाटते, पायांतील शक्ति जाते. माणसास वाटतें, ऊन पाण्यानें गुंगी आली. मग दाराची कडी काढण्याइतकेंहि त्राण राहत नाहीं. हिवाळा आला कीं मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांत न्हाणीघरांत बेशुद्ध सांपडलेल्या माणसांच्या बातम्या येतात, त्यांतील कित्येकींच्या मुळाशीं हाच प्रकार असतो. जुनीं माणसें बंद खोलींत शेगडी पेटती ठेवून निजूं देत नसत. तें केवळ आगीच्या भयानें नव्हे. बंबहि बहुधा परसांत किंवा उघड्या पडवींत असे. बंबाची जागा गिझरनें घेतली आणि त्याच्याभोंवतालची मोकळी हवा मात्र घराबाहेरच राहिली.

गॅसचा गिझर वाईट असें नव्हे. तो धुण्याच्या उघड्या गॅलरींत लावावा, त्याचा धूर बाहेर नेणारी नळी असावी, आणि ऊन पाणी तेवढें नळानें आंत आणावें. मग त्याची स्वस्ताई निर्भेळ आहे. या घरीं गॅलरीपासून न्हाणीघरापर्यंत फरशी फोडून नळ नेण्याची मजुरी विचारली, तेव्हां ती फिटावयास कित्येक हिवाळे लागतील असें दिसलें. सासऱ्यांनीं मग तिसरी तोड काढली : ओट्यावर खिडकीजवळ मोठ्या पातेल्यांत पाणी तापवावें, ३०५ रुपयांत काम होतें, आणि तें उचलून आपण नेऊं. सून म्हणाली, "बाबा, वाटेंत ही पोर पायांत येते, आणि तुमचा गुडघा दुखतो." गच्चीवर सूर्याच्या उन्हानें पाणी तापविण्याची सोय करावी, अशीहि एक सूचना निघाली, परंतु गच्ची एकट्याची नसते, आणि सोसायटीची सभा हिवाळ्यापूर्वीं भरण्याचें चिन्ह नव्हतें.

वहींत दोन आंकडे समोरासमोर राहिले. एकीकडे वर्षाचे बाराशें रुपये. दुसरीकडे न्हाणीघरांत जाऊन आंतून कडी लावणारी नात. सासऱ्यांनीं तें पान बराच वेळ पाहिलें आणि दुहेरी रेघ खोडली.

विजेचा गिझर तसाच राहिला. मात्र त्याचें तापमान उतरवून ठेविलें. पहिला माणूस उठण्यापूर्वीं दहा मिनिटें बटण दाबावयाचें, चौघांनीं लागोपाठ आंघोळी उरकावयाच्या, आणि शेवटच्यानें बटण बंद करावयाचें, असा नियम झाला. रविवारीं तो मोडतो. झरोक्याची कांच सासऱ्यांनीं स्वतःच काढून तेथें बारीक जाळी बसविली. मार्चच्या मध्यास गच्चीवरील टांकींतलें पाणी दुपारपर्यंत आपोआप ऊन होऊं लागलें. त्या दिवशीं त्यांनीं गिझरची खुंटी भिंतींतून काढली आणि वहींत तारीख टिपून ठेविली.